सात तास दहा मिनिटं आणि एक तराजू

तराजू विमानातून न्यायचा कसा, यावर इमारतीत तीन मतं पडली, आणि तिन्ही न विचारता पडली.

तिसऱ्या मजल्यावरचे माजी पोस्टमास्तर म्हणाले, "आधी विमान कंपनीला पत्र टाका आणि पोच घ्या. पोच हातात असली की माणूस हत्तीसुद्धा नेऊ शकतो." तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. "सुटा करा. पारडी एका बॅगेत, दांडी दुसरीत, दोऱ्या तिसरीत. एकदा सुटा केला की तो तराजू राहतच नाही." समोरच्या दारातले गृहस्थ पूर्वी कधीतरी चार दिवस परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांना सगळे परदेशवाले म्हणत. ते आवाज खाली आणून म्हणाले, "तिथे कुणी विचारलंच, तर वाद्य आहे म्हणून सांगा. वाद्याला कुणी अडवत नाही."

निरीक्षकांनी तिघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस कुणाचंही म्हणणं मधेच तोडत नाही. पूर्ण ऐकतो आणि मग फेटाळतो.

"तराजू तराजू म्हणूनच जाईल," ते म्हणाले.

मुलगी परदेशी राहत होती. तिने आईवडिलांना बोलावून घेतलं होतं आणि तिकिटंही तिनेच काढली होती. वाटेत एका शहरात विमान बदलायचं होतं आणि मधे सात तास दहा मिनिटं रिकामी होती. मुलीने फोनवर चार वेळा बजावलं होतं, "बाबा, विमानतळावरच बसा. बाहेर पडू नका." पण त्याच शहरात निरीक्षकांची ताई मुलाजवळ राहत होती. अकरा वर्षांत बहीणभावाची गाठ पडली नव्हती, आणि त्याआधीच्या सत्तावीस वर्षांत पडली होती ती लग्नाकार्यात, पंगतीच्या दोन टोकांना.

कारण हाच तराजू. वडिलांचं धान्याचं दुकान होतं. निरीक्षकांना नोकरी लागून महिना झाला होता. बाजारपेठेच्या तपासणीच्या यादीत वडिलांचं दुकान सातवं होतं. सहा दुकानं तपासून सातवं वगळलं असतं, तर लोक काय म्हणाले असते? त्यांनी वगळलं नाही. तराजूवरच्या सरकारी छापाची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. माहेरी आलेली ताई तेव्हा कुणाला तरी डाळ मोजून देत होती. निरीक्षकांनी तिच्या हातातून तराजू काढून घेतला, डाळ परत पोत्यात ओतली आणि जप्तीची पावती फाडली. वडिलांनी "बरोबर आहे तुझं" म्हणून सही केली. ताई काहीच बोलली नाही, आणि पुढे बोललीच नाही म्हटलं तरी चालेल. वडील गेल्यावर निरीक्षकांनी रीतसर अर्ज करून तराजू खात्याच्या कोठीतून सोडवला आणि ताईला तसं कळवलं. उत्तरादाखल एक कार्ड आलं: 'ठेव तुझ्याकडेच. तुझ्या कामाचा आहे.'

आता मात्र तो ताईच्या हातात द्यायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. फोन करून सांगितलं, "तराजू घेऊन येतोय." मग ताई म्हणाली, "बघू."

"ती 'बघू' म्हणाली," निरीक्षकांनी बायकोला सांगितलं. "'नको' म्हणाली नाही." एवढ्यावर त्यांनी कपाटाच्या दाराला वेळापत्रक चिकटवलं. नऊ वीसला उतरणे. सव्वादहाला बाहेर. अकराला ताईचं घर. दोनला निघणे. तीनला विमानतळ. साडेचारला उड्डाण.

"चहा कधी प्यायचा?" बायकोने विचारलं.

"अकरा ते दोनमध्ये केव्हाही."

पहिली अडचण आपल्याच विमानतळावर आली, आणि तीही तराजूमुळे नाही, काट्यामुळे. सामान मोजायच्या पट्ट्यावर बॅग ठेवली तर आकडा आला तेवीस किलो साठ ग्रॅम. मर्यादा तेवीसची. काउंटरवरची मुलगी बॅग पुढे ढकलणार, तोच निरीक्षकांनी हात आडवा घातला.

"थांबा. बॅग उचला. आता काय दिसतंय?"

"साठ ग्रॅम."

"रिकाम्या पट्ट्यावर साठ ग्रॅम! म्हणजे आमची बॅग तेवीसच आहे. काटा शून्यावर आणा."

"काका, साठ ग्रॅम चालतात."

"चालतात? कुणाच्या परवानगीने?"

मागे रांग वाढत होती. बायको लांबच्या एका खांबाकडे अशा एकाग्रतेने बघू लागली, की जणू ती त्या खांबाबरोबरच आली आहे. वरिष्ठ आले, काटा शून्यावर आला, बॅग तेवीस भरली आणि निरीक्षकांचा चेहरा उजळला. पण तो फार वेळ तसा राहिला नाही, कारण मुलीने बॅगेला चिठ्ठी चिकटवत सांगितलं, "सामान थेट शेवटच्या मुक्कामी मिळेल."

तराजू त्याच बॅगेत होता. हातातल्या पिशवीतून नेता येत नव्हता, कारण एक किलोचं पितळी वजन विमानात घेऊन बसणारा माणूस कितीही सभ्य दिसला, तरी सुरक्षावाल्यांना पटत नाही.

"मला बॅग मधे हवी."

"मधे कशाला, काका?"

"बहिणीला तराजू द्यायचाय."

मुलीने आधी त्यांच्याकडे आणि मग त्या खांबाकडे बघणाऱ्या बाईंकडे पाहिलं. "तिकीट एकच आहे. बॅग मधे देत नाहीत."

"असा नियम आहे की अशी पद्धत आहे? नियम असेल तर दाखवा, मी मुकाट्याने जातो. पद्धत असेल तर ती बदलता येते."

वरिष्ठ पुन्हा आले. नियम सापडेना. शेवटी मधल्या शहराची नवी चिठ्ठी लागली. वरिष्ठ निघताना म्हणाले, "तिथे उतरल्यावर तुम्ही आणि तिथला कस्टमवाला. आमचा संबंध संपला."

"संबंध लेखी संपवा," असं निरीक्षक म्हणणार होते, पण बायकोने त्यांना दंडाला धरून नेलं.

पहिल्या विमानप्रवासाबद्दल लोक ढग, खिडकी आणि कानातले दडे यांविषयी सांगतात. निरीक्षकांना आठवतो तो फक्त एक प्रश्न, आणि तो विचारायला नको होता. त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं, "सामानाचं वजन झालं. माणसांचं कधी केलंत?" ती गोड हसून म्हणाली, "माणसांचं सरासरीने धरतात, सर." सरासरीने! पुढचे चार तास निरीक्षक हाताच्या टेकूला घट्ट धरून बसले आणि पुढून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे डोळे बारीक करून बघत राहिले. एक धिप्पाड गृहस्थ तीनदा मागे गेले तेव्हा तर त्यांना स्पष्ट जाणवलं, की विमान किंचित मागे कललं. बायको मात्र खिडकीशी गाढ झोपली होती. तिचा सरासरीवर विश्वास होता. त्याशिवाय इतकी वर्षं संसार झाला नसता.

नऊ वीसला विमान उतरलं आणि निरीक्षकांनी वेळापत्रकावर पहिली खूण केली. ती एकच खूण शेवटपर्यंत त्या कागदावर राहिली.

कस्टमच्या टेबलावर बॅग उघडली गेली. जुन्या चादरीत गुंडाळलेली पितळी पारडी, काळी पडलेली दांडी आणि वजनांचा डबा समोर मांडल्यावर चष्मेवाल्या अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे?"

"वाद्य म्हणा," बायको ओठ न हलवता म्हणाली.

"वजनाचा तराजू," निरीक्षकांनी सांगितलं. त्यांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांतलं होतं. वाक्याची सुरुवात 'सविनय' झाली नाही तर त्यांना चुकल्यासारखं वाटे.

"विकायला?"

"नाही. बहिणीला."

अधिकाऱ्याने एक जाड पुस्तक काढलं, पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वजन करायचं साधन देशात आणायचं असेल, तर त्यावर इथल्या खात्याचा छाप हवा. छाप नसेल, तर ताब्यात.

निरीक्षकांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि पुस्तक परत केलं. "अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.

"काय बरोबर आहे?" बायकोने विचारलं.

"नियम. आपल्याकडेही हाच आहे. ह्यांनी तराजू सोडला असता, तर मीच तक्रार केली असती."

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

अधिकारी मात्र भला निघाला. टेबलावर पुढे वाकून म्हणाला, "एक सोपा मार्ग आहे. शोभेची वस्तू म्हणून न्या. इथे सही करा, की हा तराजू वजन करू शकत नाही. दोन मिनिटांचं काम."

बायकोने लगेच पेन काढून दिलं. निरीक्षकांनी ते पेन हातात घेतलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे. हा वजन करतो. बाबांनी चाळीस वर्षं ह्याच्यावर गाव जेवू घातलं."

"अहो, सही केली की सव्वादहाला बाहेर. वन्सं वाट बघताहेत!"

"माझ्या हातून बाबांच्या तराजूवर एकदा सही झाली. ती निदान खरी होती. ही खोटी मी करणार नाही."

नवऱ्याचा हट्ट बायकोला नवा नव्हता, पण त्यामागचा आवाज नवा होता. तिने पेन पर्समध्ये टाकलं आणि अधिकाऱ्याला विचारलं, "इथलं वजनमापे ऑफिस किती लांब आहे?"

अर्ध्या तासावर होतं. अधिकाऱ्याने तीन प्रतींत पत्र केलं, तराजू कापडी पिशवीत घातला आणि तिच्या तोंडाला शिशाचं सील ठोकलं. निरीक्षकांनी सील ओढून बघितलं. "उत्तम लावलंय," ते म्हणाले. अधिकाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सीलबद्दल शाबासकी देत असावं; त्याने टॅक्सीवाल्याला पत्ता स्वतः लिहून दिला.

टॅक्सीतून ताईला फोन लावला. सगळं ऐकून ताई म्हणाली, "मोठ्या बाजाराच्या मागचं ऑफिस ना? कळलं." आणि फोन ठेवला.

"येते म्हणाली?"

"कळलं म्हणाली."

"म्हणजे येतील," बायको म्हणाली. ते शहर अतिशय देखणं आहे, असं नंतर त्यांना बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यांना दिसलं ते टॅक्सीच्या काचेतून, आणि त्यातही निरीक्षक घड्याळ बघत होते.

ऑफिसात पाऊल टाकताच मात्र त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. हिरवट भिंती, लाकडी बाक, काचेच्या कपाटात उतरत्या भांजणीने मांडलेली पितळी वजनं, एका खिडकीवर 'बंद' आणि दुसऱ्या खिडकीवर कुणीच नाही. परदेशातलं हे पहिलं ठिकाण, जिथे त्यांना कुणालाही काही विचारावं लागलं नाही. सव्वाबारा वाजले होते. जेवणाची सुटी एक वाजता संपणार होती. "मीसुद्धा सुटीत काम केलं नसतं," ते म्हणाले आणि बाकावर बसले.

पावणेएकला जिना चढून ताई आली. हातात काठी, खांद्याला पिशवी, केस पूर्ण पांढरे. निरीक्षक ताडकन उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी विमानात पाठ केलं होतं, पण ते त्या धिप्पाड गृहस्थांच्या फेऱ्यांत विसरून गेले होते.

ताईने आधी भावजयीला जवळ घेतलं. मग भावाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाळलास, छोट्या."

"त्रेसष्ट किलो, ताई."

"ते मी विचारलं नाही." ती बाकावर बसली आणि पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "काय आहे त्यात?"

"तराजू."

"आणि हे शिसं?"

"सील."

"म्हणजे पुन्हा जप्त."

"जप्त नाही ताई, ताब्यात आहे."

बायकोने कपाळावर हात मारला. ताईने पिशवीतून डबा काढून भावजयीपुढे धरला. निरीक्षकांनी हात पुढे केला तशी म्हणाली, "तू थांब. ऑफिसात खायची परवानगी आहे का, ते आधी विचारून ये."

ते खरोखरच विचारायला उठले. खिडकीवर कुणी नव्हतं. परत येऊन बसले तेव्हा डब्यातला एक घास झाकणावर काढून ठेवलेला होता. तो कुणी ठेवला, ते दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

एक वाजता जाडसर, टक्कल पडलेला तिथला निरीक्षक आला. अंगात विणलेला स्वेटर, कानावर पेन्सिल. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ताईला इथली भाषा येत होती. आपले निरीक्षक पुढे झाले.

"ताई, ह्यांना सांग, मीही ह्याच खात्यातला. चौतीस वर्षं सेवा, एकही दिवस बिनपगारी रजा नाही, फिरत्या पथकाचा प्रमुख म्हणून नऊ वर्षं, तेव्हा तपासणीच्या पद्धतीची मला पूर्ण कल्पना आहे."

ताई त्या माणसाला चार शब्द बोलली. तो मान हलवून कामाला लागला.

"एवढंच? काय सांगितलंस?"

"म्हटलं, म्हातारा आहे, लवकर आटपा."

सील फुटलं. स्वेटरवाल्याने तराजू जुळवला आणि पारडी पुसली. दोन्हींत एकेक किलोचं सरकारी वजन ठेवलं. दांडी वर उचलायला त्याने निरीक्षकांना खुणावलं. निरीक्षकांनी वरची कडी धरली. दांडी डावीकडे झुकली.

"तुझा हात हलतोय," ताई म्हणाली. "दे इकडे."

काठी भिंतीला टेकवून तिने कडी बोटांत धरली. आता कडी जागच्या जागी राहिली. हात दगडासारखा स्थिर. आणि दांडी सावकाश, कुणाचीही भीड न धरता, डावीकडे झुकली. स्वेटरवाल्याने उजव्या पारड्यात एक बारकं वजन टाकलं. मग आणखी एक. सहा ग्रॅमला बरोबर झाली. वजनांची अदलाबदल केली, तरी तेच. त्याने भिंग लावून दांडीच्या मधला खिळा बघितला. खिळा एका बाजूने झिजला होता. कानावरची पेन्सिल काढून त्याने लाल कागद पुढे ओढला.

लाल कागद कोणत्याही देशात लालच असतो. निरीक्षकांनी तो आयुष्यात हजारो वेळा भरला होता.

"हे काय?" ते म्हणाले.

"नापास," ताई म्हणाली. "आणि बरंच झालं. नापास झाला की वजनाचं साधन म्हणून मोजत नाहीत. नुसतं पितळ. मी आत्ता घरी नेऊ शकते, असं म्हणतोय तो."

सगळं सुटलं होतं. घड्याळात एक पंचेचाळीस झाले होते, विमानालाही वेळ होता. कुठलाही समजदार माणूस इथे हात जोडून बाहेर पडला असता. निरीक्षकांचे कान मात्र तापले होते.

"नापास? असा कसा नापास? ह्याची खोली बघ, खिडकी उघडी आहे, वारा येतोय! टेबल सपाट आहे का, ते बघितलं ह्याने? खिळ्याला तेल नाही घातलं! हे काय तपासणं झालं? सांग त्याला, ताई. सांग, हा आमच्या बाबांचा तराजू आहे. ह्याच्यावर कधी कुणाला दाणाभर कमी गेला नाही. नियम बियम मला सांगू नको म्हणावं. बाबांचा तराजू नापास होऊच शकत नाही!"

त्यांचा आवाज एवढा चढला, की बंद खिडकीतून कुणीतरी डोकावून पाहिलं. बायको तोंडाला पदर लावून बघत राहिली. स्वेटरवाला पेन्सिल हातात धरून ताईच्या उत्तराची वाट बघत होता.

ताई त्याच्याकडे वळलीच नाही.

"सांग ना त्याला!"

"त्याला नाही सांगणार," ताई म्हणाली. कडी अजून तिच्या बोटांत होती. "मला सांग. पुन्हा सांग."

निरीक्षक गडबडले.

"बाबांचा तराजू," ते हळू आवाजात म्हणाले, "नापास होऊ शकत नाही."

"हं."

"तेव्हाही नव्हता, ताई. नुसती तारीख गेली होती."

ताईने तराजू अलगद टेबलावर ठेवला, पदराने डोळे पुसले आणि नाक ओढून एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अडतीस वर्षं लागली तुला एवढं बोलायला. आता गप्प बस आणि सही कर. ह्याला माझ्या घरी जायचंय."

"मी सही करणार नाही. निकाल मला मान्य नाही."

"अहो, विमान!" बायको म्हणाली.

"हरकत नोंदवली, तर पंधरा दिवसांनी फेरतपासणी होईल आणि तराजू इथल्या कोठीत राहील," ताई म्हणाली. "तो बघ, दुसरा कागद काढतोय. कोठीत ठेवू का, बोल?"

कोठी म्हणताच निरीक्षकांनी पेन उचललं. लाल कागदावर तळाला एक रेघ होती; निकाल मान्य असल्याबद्दल सही त्या रेघेवर करायची. आपल्या दुकानदारांकडून तशी सही घेताना त्यांनी कधी कुणाला दुसरं अक्षर लिहू दिलं नव्हतं. एकाने एकदा नुसतं प्रश्नचिन्ह काढलं, तर त्याला नवा कागद भरायला लावला होता. निरीक्षकांनी रेघेवर सही केली. मग क्षणभर थांबून, सहीच्या खाली, ठळक देवनागरी अक्षरांत आणखी दोन शब्द लिहिले: मान्य नाही.

स्वेटरवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला. त्या दोन शब्दांवर पेन्सिल टेकवून त्याने ताईला काहीतरी विचारलं.

"काय विचारतोय?" निरीक्षकांनी विचारलं.

"खाली काय लिहिलंय म्हणून विचारतोय."

"मग काय सांगणार?"

ताईने तराजू चादरीत गुंडाळला, काखेत धरला आणि काठी उचलली. मग त्या माणसाकडे वळून एकच शब्द बोलली. त्याचं समाधान झालं. त्याने कागदावर शिक्का मारला.

जिन्यात निरीक्षकांनी तिला गाठलं. "ताई, काय सांगितलंस?"

"सांगितलं," ताई खाली उतरत म्हणाली, "की तुझं नाव आहे."